जुन्या इमारतीत नवा एसी: आधी पाण्याची वाट, मग हवेची

नवी इमारत उभी राहत असताना एसीवाल्याला डक्टसाठी, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळासाठी, जागा कमी पडली, तर तो आर्किटेक्टशी भांडू शकतो. बीम जरा उथळ करा, शाफ्ट फूटभर मोठा घ्या, एवढं मागता येतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीत भांडायचं कुणाशी? बीम आहे तिथे आहे, स्लॅब आहे तेवढ्याच उंचीवर आहे आणि ज्याने नकाशे काढले त्याचं ऑफिस कधीच बंद झालेलं आहे.

मुंबई, ठाणे, पुणे या भागांत १९७०-८० च्या सुमारास बांधलेल्या चार मजली ऑफिस इमारती पुष्कळ आहेत. तसलीच एक डोळ्यांसमोर ठेवू. प्रत्येक मजला साधारण ३०० चौरस मीटर, म्हणजे ३,२०० चौरस फूट. मजल्यावर ६० माणसं. खिडक्यांमध्ये दीड टनाचे १६ विंडो एसी, बाहेर गंजलेले अँगल आणि खालच्या छज्ज्यावर थेंब-थेंब पाणी. आता हे सगळं काढून व्हीआरएफ बसवायचं ठरलंय. म्हणजे गच्चीवर मोठी आउटडोअर यंत्रं, तिथून खाली आलेले तांब्याचे पाइप आणि प्रत्येक मजल्याच्या छतात बसवलेल्या बऱ्याच कॅसेट, म्हणजे थंड हवा सोडणारी चौकोनी यंत्रं.

पहिला प्रश्न हमखास येतो तो किती टन लागेल याचा. खरं तर या कामातला सगळ्यांत सोपा प्रश्न तोच. पश्चिमेच्या उघड्या काचा, वर तापणारी गच्ची, माणसं, संगणक आणि बाहेरची ताजी हवा धरून आपल्या मजल्याचा भार २४ टनांच्या आसपास येतो. इथे एकच गोंधळ टाळायचा. व्हीआरएफ 'एचपी'मध्ये विकतात, आणि एक एचपी म्हणजे २.८ किलोवॅट थंडावा, जेमतेम ०.८ टन. २४ टनांसाठी ३० एचपीचं यंत्र लागतं. ३० हा आकडा टनाचा समजून दोन कोटेशनांची तुलना केली, की सहा टनांचा फरक कुठे गेला ते कळत नाही.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. यंत्र कुठलंही घ्या, ते इमारतीच्या पोटात मावलं पाहिजे आणि त्याचं पाणी बाहेर पडलं पाहिजे. यातलं दुसरं आधी सोडवायचं. वायर कशीही वळते, तांब्याचा पाइप वर-खाली नेता येतो, डक्ट थोडाफार चपटा करता येतो. पाणी मात्र उताराकडेच जातं, म्हणून आराखड्यावर पहिली रेघ ड्रेन पाइपची हवी. बहुतेक ठिकाणी ती शेवटी मारली जाते, आणि पहिल्याच पावसाळ्यात जिप्समच्या छतावर चहाच्या रंगाचे डाग उमटतात.

पंचाहत्तर मिलिमीटरची गोष्ट

आपल्या इमारतीत मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची ३.१५ मीटर आहे. त्यातले सव्वाशे मिमी वरच्या स्लॅबचे आणि सुमारे ७५ मिमी लादी व तिच्याखालच्या भरावाचे. राहिले २.९५ मीटर. बीमची एकूण खोली ५५० मिमी, म्हणजे स्लॅबच्या खाली तो ४२५ मिमी लोंबतो. बीमखाली उभं राहिलं तर डोक्यावर २.५२५ मीटर जागा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगपर्यंत किंवा डक्टच्या तळापर्यंत किमान २.४ मीटर उंची हवी. २.५२५ मधून २.४ वजा केले की उरतात जेमतेम सव्वाशे मिमी. सीलिंगची चौकट आणि बोर्ड त्यातले ५० खातात.

म्हणजे बीमखालून काहीही न्यायचं तर जागा आहे ७५ मिमी. चार बोटं.

दोन बीमच्या मधल्या गाळ्यात मात्र ५०० मिमी मिळतात. कॅसेट तिथे आरामात बसते. थंडावा वाहून नेणाऱ्या गॅसचा मुख्य पाइप ३२ मिमी आणि त्यावर १९ मिमीचं इन्सुलेशन धरलं तर ७० मिमी होतात. तो बीमखालून कसाबसा निघतो. ड्रेनचा ३२ मिमीचा पाइप आणि त्यावर १३ मिमीचं इन्सुलेशन मिळून ५८ मिमी. हाही निघतो. कागदावर सगळं जमल्यासारखं वाटतं.

आता ढाळ मोजा. ड्रेनला किमान शंभरात एक ढाळ हवा, म्हणजे दर मीटरला १० मिमी. बीम सहा-सहा मीटरवर आहेत. पहिल्या बीमखालून अगदी चिकटून पाइप काढला, तरी दुसऱ्या बीमपर्यंत तो ६० मिमी खाली आलेला असतो. ५८ आणि ६० मिळून ११८, आणि जागा तर ७५ ची. दुसऱ्या बीमखालून जाताना पाइप फॉल्स सीलिंगमधून खाली डोकावणार. कॅसेटमध्ये पंप असतो, तो पाणी सातशे-आठशे मिमी वर उचलतो, हे खरं. पण उचललेलं पाणी पुढे आपल्या वजनानेच वाहतं आणि बीम त्याच्या वाटेत उभाच असतो. पंपाने ही अडचण सुटत नाही, ती फक्त गाळ्यापुरती पुढे सरकते.

या गणिताचं उत्तर एकच: ड्रेनने बीम ओलांडायचाच नाही. प्रत्येक गाळ्याचं पाणी बीमला समांतर जात त्याच गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीकडे न्यायचं. खिडकीच्या वरच्या झडपेची जागा बहुधा कडेच्या बीमच्या लगेच खाली असते. तिथून पाइप बाहेर काढायचा आणि दर एक-दोन गाळ्यांमागे बाहेरून उभा डाउनटेक, म्हणजे पाणी खाली नेणारा पाइप, घ्यायचा. बाहेरच्या भिंतीवर पाइप वाढतात, आर्किटेक्ट नाक मुरडतो. पण मजल्याच्या मधोमध टॉयलेटच्या शाफ्टपर्यंत एकच लांबलचक ड्रेन ओढण्याचा 'नीटनेटका' आराखडा या उंचीत चालतच नाही.

पाणी येतं तरी किती? मुंबईच्या दमट हवेत टनामागे तासाला दीड लिटर धरा. २४ टनांच्या मजल्याला तासाला ३६ लिटर आणि नऊ तासांच्या दिवसाला सव्वातीनशे लिटरच्या घरात. चार मजल्यांचं मिळून हजार-तेराशे लिटर. हे पाणी हवेतून निथळलेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. प्यायचं नाही, पण फ्लशच्या टाकीत सोडायला उत्तम. टँकरवर चालणाऱ्या इमारतीने तरी ते गटारात घालवू नये.

हा डाउनटेक पावसाच्या पाइपला थेट जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. मुसळधार पावसात तो पाइप तुंबला की गच्चीचं पाणी उलटं चढून तिसऱ्या मजल्याच्या कॅसेटमधून टेबलावर पडतं. म्हणून डाउनटेक तळाशी, जाळीच्या तोंडावर, मध्ये हवेची फट ठेवून मोकळा सोडायचा. सांडपाण्याच्या पाइपला जोडलाच, तर मध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं पाइपाचं वाकण, लागतो. उन्हाळ्याआधी चार महिने एसी बंद राहिला तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि टॉयलेटचा वास थेट मीटिंग रूममध्ये येतो. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतणं हा त्यावरचा उपाय, आणि ते कुणी ओतायचं हे लेखी ठरलेलं असावं.

कॅसेटऐवजी डक्टवालं यंत्र असेल तर ट्रॅपचा प्रश्न अजून नाजूक होतो. अशा बऱ्याच यंत्रांत पंखा कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) पुढे असतो आणि हवा ओढतो, त्यामुळे कॉइलखाली पाणी झेलणाऱ्या ट्रेच्या जागी हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो. २५० पास्कलचा फरक म्हणजे २५ मिमी पाण्याचा स्तंभ. ट्रॅप नसेल किंवा उथळ असेल, तर पंखा चालू असेपर्यंत ड्रेनमधून हवा आत ओढली जाते आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहतं. संध्याकाळी कुणी एसी बंद करतो आणि साठलेलं पाणी एकदम भसकन सुटतं. 'एसी चालू असताना गळत नाही, बंद केल्यावर गळतो' अशी तक्रार आली की पाइप बदलत बसू नका. ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत किमान ५० मिमीची उतरण आणि त्याच्याही खाली २५-३० मिमी पाण्याचं सील आहे का, ते पट्टीने मोजा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

आणखी एक बारीक गोष्ट. पीव्हीसी पाइपाला आधार दर मीटरला हवा. दोन मीटरवर दिला तर मध्ये झोळ पडतो, झोळात पाणी थांबतं, थांबलेल्या पाण्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि दीड-दोन वर्षांत पाइप बंद. प्रत्येक सरळ ओळीच्या शेवटी कोपर वापरण्याऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तिचं एक तोंड बुचाने बंद ठेवलं, तर त्यातून साफ करता येतं. खर्च काही रुपयांचा.

नकाशा नको, मोजमाप हवं

वरचं सगळं गणित मिलिमीटरचं आहे, म्हणून मोजमापही तसंच लागतं. जुन्या नकाशात बीम ४५० चा दाखवलेला आणि प्रत्यक्षात ५५० चा निघणं हे रोजचं आहे. स्लॅब मध्यावर २०-३० मिमी बसलेला असतो, लादीला टॉयलेटकडे ढाळ असतो. खोलीच्या मधोमध एकदाच टेप लावून उंची लिहिणं पुरेसं नाही. लेसर लेव्हल लावून प्रत्येक गाळ्याचे चार कोपरे आणि मध्य, शिवाय प्रत्येक बीमखाली दोन टोकं आणि मध्य, एवढे आकडे घ्या. आधीचं फॉल्स सीलिंग असेल तर ते किमान चार ठिकाणी उघडून आत डोकवा. भाडेकरू बदलताना मागे सोडलेल्या वायरी, बंद पडलेले पाइप, वरच्या मजल्याच्या टॉयलेटचा खाली उतरवलेला ट्रॅप, सगळं तिथे असतं आणि नकाशात त्यातलं काहीच नसतं.

त्याच वेळी हातोडीने स्लॅबचा तळ ठोकून पाहायचा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर सळी गंजून आतून थर सुटलेला असतो. तिथे मारलेला अँकर (छतात रोवलेला बोल्ट) आज घट्ट वाटतो आणि वर्षभरात प्लास्टरसकट खाली येतो. कॅसेट तीसेक किलोची असते, ती दहा मिमीच्या चार रॉडवर लटकते आणि खाली माणूस बसलेला असतो. त्या काळच्या स्लॅबमध्ये सळी तळापासून १५ मिमीवरही सापडते, त्यामुळे रिबार लोकेटरने सळीची जागा शोधूनच भोक मारायचं. काही अँकर ओढून तपासायचे, डोळ्यांनी पाहून नाही.

पाइपासाठी स्लॅबमध्ये भोकं पाडायची तर डायमंड कोअर कटरनेच. ब्रेकर लावला की भोक चार इंचांचं आणि तडे दीड फुटांचे. बीमला हात लावायचा नाही. 'फक्त ७५ मिमीचं भोक आहे' असं ठेकेदार म्हणतो, पण ते नेमकं खालच्या सळयांच्या थरात जातं. कॉलमच्या अगदी लगत स्लॅबमध्ये भोक पाडणंही तितकंच वाईट, कारण तिथेच स्लॅबवर सर्वांत जास्त ताण असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा भोकांचा नकाशा आल्याशिवाय मशीन लावूच देऊ नये.

पाइपाला घाम फुटतो तेव्हा

पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. सोप्या भाषेत, २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी साचतं. थंड हवेचा डक्ट १३-१४ अंशांवर असतो, गॅसचा परतीचा पाइप त्याहून थंड. त्यामुळे त्यांना इन्सुलेशन लागतं, हे सगळे जाणतात. ड्रेन पाइपातून जाणारं पाणीही थंडच असतं आणि त्याचा पाइपही घामेजतो, हे मात्र अर्ध्या ठिकाणी विसरलं जातं.

जुन्या इमारतीत यात भर पडते ती फटींची. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी बंद आहे असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात लाकडी खिडकीच्या चौकटीभोवती, जुन्या एसीच्या भोकांभोवती, केबलसाठी फोडलेल्या भिंतीतून पावसाळी हवा थेट त्या पोकळीत शिरते. त्यामुळे परतीच्या गॅस पाइपावर १९ मिमी नायट्राइल रबर ही किमान जाडी, बाहेरून जाणाऱ्या भागात २५ मिमी. रबराचा जोड चिकटवलेला हवा, नुसती टेप गुंडाळलेली नको. पाइप ज्या क्लॅम्पवर टेकतो तिथे रबर दाबलं जाऊन पातळ होतं आणि पहिला थेंब नेमका तिथूनच पडतो. क्लॅम्पपाशी कडक आधाराचा तुकडा घालावा. बाहेरच्या उन्हात नायट्राइल रबर दोन-तीन वर्षांत तडकतं, म्हणून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा.

जुने विंडो एसी काढल्यावर भिंतीत राहिलेली भोकं हाही याच दुखण्याचा भाग. ती विटांनी भरून बाहेरून बाहेरच्या ढाळाचं प्लास्टर करावं. अँगलचे तुकडे भिंतीच्या रेषेत कापून सोडू नयेत. आत राहिलेलं लोखंड गंजतं, फुगतं आणि प्लास्टर उडवतं. मुळासकट काढून पॉलिमर मॉर्टरने भरा.

ताजी हवा कुणी मोजलीच नव्हती

विंडो एसीच्या काळात ऑफिसला ताजी हवा मिळायची ती गळक्या खिडक्यांमधून, फुकट. नवं काम करताना खिडक्या सील होतात, भोकं बुजतात आणि कॅसेट तर खोलीतलीच हवा फिरवत राहते. दुपारी तीन वाजता डोकं जड होतं आणि सगळे थर्मोस्टॅट खाली करतात. तापमानाचा त्यात काही दोष नसतो.

माणशी साधारण १७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) बाहेरची हवा धरली तर ६० माणसांना सुमारे हजार सीएफएम लागते. मुंबईच्या पावसाळ्याच्या तोंडावरची ३३ अंशांची दमट हवा खोलीच्या स्थितीपर्यंत आणायला हजार सीएफएममागे साडेपाच टन खर्ची पडतात, आणि त्यातला मोठा वाटा पाणी काढण्यातच जातो. आपल्या २४ टनांतला जवळजवळ पाव हिस्सा एकट्या ताज्या हवेचा. कोटेशन स्वस्त करायला सगळ्यांत आधी कापलं जातं तेही हेच, कारण ते नसलं तरी पहिल्या दिवशी खोली थंड होते.

हजार सीएफएमचा डक्ट मिनिटाला हजार फूट वेगाने एक चौरस फुटाचा लागतो, म्हणजे ३०० गुणिले ३०० मिमी. बीमखालच्या ७५ मिमीत तो कसा जाणार? चपटा करून १०० मिमी उंचीचा केला तरी रुंदी ९०० होते. नऊपट रुंदीच्या डक्टला पत्रा जास्त लागतो, घर्षण वाढतं आणि तो ढोलासारखा वाजतो. चारास एकपेक्षा जास्त चपटा डक्ट घेऊ नये, असा कामातला साधा दंडक आहे. म्हणून इथेही बीम ओलांडण्याचा हट्ट सोडावा. ताज्या हवेचं यंत्र पॅसेजच्या छतात ठेवा, पॅसेजमध्ये सीलिंग थोडं खाली घेतलेलं चालतं का ते स्थानिक नियमांत तपासा, आणि तिथून प्रत्येक गाळ्यात छोटा गोल डक्ट सोडा. हवा घ्यायची जाळी मात्र टॉयलेटच्या एक्झॉस्टसमोर किंवा जनरेटरच्या धुराड्याजवळ नको. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

मोठं यंत्र घेऊन ठेवू, म्हणजे काळजी नको, या विचाराने पावसाळ्यात घोटाळा होतो. बाहेर २७ अंश असताना खोली पटकन थंड होते, यंत्र थांबतं, पंखा चालू राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. तापमान २३, पण कागद दमट, गालिच्याला कुबट वास आणि कोपऱ्यात बुरशी.

गच्चीवर आधीच काय ठेवलंय

३० एचपीची चार यंत्रं गच्चीवर न्यायची आहेत. २० एचपीचा एक मॉड्यूल (यंत्राचा सुटा भाग) साडेतीनशे किलोच्या पुढे जातो आणि तो चौरस मीटरभर जागेवर उभा असतो. भारतीय मानक ८७५ नुसार माणसांना जाता येणाऱ्या गच्चीचा चल भार (माणसं-सामानाचं वजन) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो धरलेला असतो. दुपटीहून जास्त वजन थेट स्लॅबवर ठेवायचं नाही, हे लगेच कळतं.

लवकर न कळणारी गोष्ट म्हणजे कोबा. गच्ची गळली की जुन्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर नवा कोबा चढवायची आपल्याकडे पद्धत आहे. १२० मिमीचा जादा थर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भरतो. मूळ डिझाइनमध्ये धरलेला सगळा चल भार त्या एका थराने खाऊन टाकलेला असतो. गच्चीच्या एका कोपऱ्यात छोटं भोक पाडून किती थर आहेत ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ते भोक नीट बुजवण्याची जबाबदारीही आधीच ठरवावी.

यंत्रं ठेवायची ती आयबीमच्या चौकटीवर, आणि चौकट टेकायची ती थेट कॉलमच्या डोक्यांवर. चौकटीखाली गवंड्याचा हात आणि थापी जाईल एवढी, साधारण ४५० मिमी जागा सोडा. वॉटरप्रूफिंग सात-आठ वर्षांत पुन्हा करावंच लागतं आणि त्या वेळी ४८ लाखांची यंत्रं असोत की १० लाखांची, ती कुणी उचलून बाजूला ठेवत नाही. चौकट आणि यंत्र यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगचे आयसोलेटर (कंप अडवणारे आधार) नसतील, तर खालच्या मजल्यावरच्या साहेबांच्या केबिनमध्ये दिवसभर घुमणारा आवाज येतो. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो आणि नंतर दुरुस्त करायला महाग पडतो. शेजारी वस्ती असेल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही लक्षात घ्या. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि असं एक यंत्र मीटरभर अंतरावर साठाच्या वर आवाज करतं.

मुंबईतल्या गच्च्यांवर पावसापासून बचावासाठी पत्र्याची शेड असते. वर तोंड करून गरम हवा फेकणारं यंत्र त्या शेडखाली ठेवलं की गरम हवा पत्र्याला आपटून पुन्हा यंत्राच्याच बाजूने आत शिरते. 'गच्चीवर जागा नाही' म्हणून प्रत्येक मजल्याचं यंत्र इमारतीच्या चौकात एकावर एक टांगलं तरी तेच होतं. प्रत्येक यंत्र घेतलेल्या हवेपेक्षा दहाएक अंश गरम हवा सोडतं, ती वर चढते आणि वरचं यंत्र ती श्वासात घेतं. बाहेर ३३ अंश असताना सर्वांत वरच्या यंत्राला ४५ ची हवा मिळू शकते. कॅटलॉगमधली क्षमता ३५ अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात दुपारी फक्त वरचा मजला थंड होत नाही आणि सगळे गॅस भरायला माणूस बोलावतात. गॅस पुरेसा असतो, हवा नसते.

लहान केबिन आणि मोठा गॅस

विंडो एसीत एखादा किलो गॅस असायचा. व्हीआरएफच्या एका सर्किटमध्ये पाइपांच्या लांबीसकट २५-३० किलो सहज भरतो, आणि गळती झाली तर तो सगळा एकाच खोलीत येऊ शकतो. आर-४१०ए हा गॅस पेटत नाही, विषारीही नाही, पण हवेची जागा घेतो. त्याची मर्यादा घनमीटरला साधारण ०.४२ किलो मानतात. तीन गुणिले तीन मीटरची, २.४ मीटर उंचीची केबिन साडेएकवीस घनमीटरची होते, म्हणजे तिथे ९ किलो ही हद्द. गणित जमत नाही. उपाय तीन: मजल्याचं एक मोठं सर्किट करण्याऐवजी दोन-तीन लहान करा, केबिनच्या दाराखाली आणि वर जाळी देऊन तिला बाहेरच्या हॉलशी जोडा, किंवा गळती ओळखणारा सेन्सर लावा. आर-३२ हा गॅस असेल तर तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे आणि नियम याहून कडक होतात.

विजेचं थोडक्यात. एकूण भार फारसा वाढत नाही, पण जागा बदलते. पूर्वी १६ ठिकाणी विखुरलेला सिंगल फेज भार आता गच्चीवर एकवटतो. चार मजल्यांचे मिळून १०० किलोवॅट धरले तर थ्री फेजवर सुमारे १६० अँपिअर होतात. तळमजल्याच्या मीटर रूमपासून गच्चीपर्यंत नवी केबल, नवं अर्थिंग आणि वीज कंपनीकडून मंजूर भाराची तपासणी लागते. चार मजले चार मालकांचे असतील तर कुणाच्या मीटरवर काय चालणार, हे तांबं विकत घेण्याआधी ठरवा.

फोर्टमधल्या जुन्या दगडी इमारतींत हे सगळं उलटं होतं. तिथे छत चार मीटरवर असतं, डक्टला जागाच जागा. पण खाली सागवानी तुळया आणि त्यावर लादी-कोबा असतो, त्यामुळे लटकवायचं ते फक्त तुळयांना, लादीला नाही. भिंत दीड फुटांची चुन्याची असते आणि दर्शनी बाजूला पाइप काढता येत नाही. १९९५ पासून मुंबईत वारसा इमारतींचे नियम आहेत, यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर आधी परवानगी लागते. तिथे ड्रेन मागच्या चौकाकडे नेण्यावरच सगळा आराखडा उभा राहतो.

माणसं बसलेली असताना

बहुतेक वेळा ऑफिस चालू ठेवूनच काम करायचं असतं. जुने एसी शेवटपर्यंत चालू ठेवा, गाळ्यागणिक पुढे सरका, भोकं पाडायचं काम शनिवार-रविवारी घ्या. तांब्याचे जोड लावताना पाइपातून मंद नायट्रोजन वाहता ठेवायचा, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि ती वर्षभराने बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकते. रात्री बारा वाजता घाईत हीच पायरी गाळली जाते, म्हणून देखरेखीचा माणूस त्याच वेळी हजर हवा. जोडाची जागा जुन्या प्लायच्या सीलिंगजवळ असेल तर आगीचा बंब आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. डक्ट जिथे अग्निरोधक भिंत ओलांडतो तिथे फायर डॅम्पर (आगीत डक्ट बंद करणारा पडदा) बसवा आणि त्याखाली उघडता येणारी झडप ठेवा. पाइपाभोवतीच्या भोकात फोम भरून भागत नाही, फायर सीलंटच लागतं.

दाबाची चाचणी नायट्रोजनने ४० बारवर २४ तास. सकाळी ३० अंशांवर भरलेला दाब दुपारी ४० अंशांवर १.३ बारने वाढतो आणि पहाटे उतरतो. गेजवरच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलेलं नसेल, तर नसलेली गळती शोधण्यात दोन दिवस जातात, नाहीतर असलेली गळती उन्हात लपून जाते. त्यानंतर ५०० मायक्रॉनपर्यंत (हे अतिशय कमी दाबाचं माप) व्हॅक्यूम, पंप बंद करून तो तासभर टिकतो का पाहणं, आणि मगच गॅस.

जिप्समचा बोर्ड चढवण्याआधी एक काम राहतं. प्रत्येक ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओता, पंप चालतो का ऐका, खाली डाउनटेकच्या तोंडाशी एक माणूस उभा करून पाणी किती वेळात आणि किती येतं ते लिहून घ्या. पुढचे २४ तास प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. कागदावर ओला गोल उमटला तर त्या जोडाचा नंबर खडूने बीमवर लिहा, जोड कापून पुन्हा करा आणि पुन्हा दोन लिटर ओता. प्रत्येक पंपाखाली ६०० गुणिले ६०० मिमीची झडप सीलिंगच्या नकाशात दाखवली आहे ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.